नेगोसिएशन स्पर्धा की लोकअदालत? विधी विद्यार्थ्यांनी सुट्टी कुठे द्यावी

सुट्ट्या जवळ आल्या की विधी शाखेची मुलं-मुली विचारू लागतात: वाटाघाटी आणि मध्यस्थीच्या कामात पुढे जायचं आहे, तर आत्ता नेगोसिएशन स्पर्धेला नाव देऊ की लोकअदालती भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात इंटर्नशिप करू? दोन्ही एकाच सुट्टीत नीट होत नाही. माझं मत आधीच सांगते: खरा तंटा मिटताना किंवा फिसकटताना कधी जवळून पाहिला नसेल, तर आधी लोकअदालत.

तरी स्पर्धेला कमी लेखू नका. साधारणपणे समोरासमोर दोन-दोन विद्यार्थी असतात, बहुतेक वेळा एक अशील आणि एक वकील. दोन्ही बाजूंना सारखी हकिकत मिळते आणि शिवाय प्रत्येकाला एक गोपनीय कागद: आपल्या अशिलाला खरं काय हवं आहे, कुठवर उतरता येईल, काय उघड करायचं नाही. समोरच्याची गरज ओळखली का, नवा मार्ग सुचवला का, जोडीदाराशी मेळ राहिला का, यावर गुण मिळतात. मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धा, गाजवलेली मुलं इथे चाचपडतात. त्यांना न्यायाधीशाला पटवायची सवय असते आणि इथे पटवायचं असतं समोरच्या पक्षकारालाच. काही स्पर्धांत फेरीनंतर संघाला परीक्षकांपुढे आपल्याच कामाची चिकित्सा करावी लागते. मला स्पर्धेतला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची मध्यस्थी स्पर्धा 2006 पासून पॅरिसमध्ये होते. तिथे विद्यार्थ्यांच्या फेऱ्यांत व्यावसायिक मध्यस्थ स्वतः मध्यस्थी करतात.

अडचण अशी की व्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो, प्रश्न पुरवठा करार किंवा भागीदारीतल्या वादांचे असतात, आणि प्रवेश शुल्क, प्रवास, राहणं यांचा खर्च महाविद्यालयाने उचलला नाही तर घरच्यांवर येतो. संघाला तयार करणारं कुणी महाविद्यालयात नसेल, तर पहिल्याच फेरीत परतण्याची तयारी ठेवावी लागते.

आता लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा, शनिवारी भरते. धनादेश न वटल्याच्या तक्रारी, बँकांची दाखलपूर्व, म्हणजे दावा कोर्टात जाण्याआधीची, वसुली, अपघात नुकसानभरपाई, घरगुती वाद असं सगळं एकाच दिवशी टेबलांवर येतं. अपघाताच्या दाव्याचं टेबल निवडा आणि तिथे थांबा. एका बाजूला विमा कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला नवरा गमावलेली बाई आणि सोबत दीर. कंपनी आकडा सांगते. बाई दिराकडे बघते, दीर वकिलाकडे. ‘हो’ म्हणण्याचा अधिकार नक्की कुणाकडे आहे, हे ओळखणं हा पहिला धडा, आणि तो कुठल्याही गोपनीय कागदावर लिहिलेला नसतो. मग खरा पेच येतो: आत्ता कमी रक्कम घ्यायची, की निकालाची आणि नंतर अपिलाची वाट बघायची? थांबणं कंपनीला परवडतं. शाळेतली मुलं सांभाळणाऱ्या बाईला ते परवडेलच असं नाही. टेबलावर तडजोड घडवणाऱ्या पॅनलवरचा माणूस जाणता असेल तर तो तिला स्वतंत्र विचारतो, समजावतो. घाईत असेल तर आकडा नुसता पुढे सरकवतो. हे दोन्ही बघायलाच हवं, कारण लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही.

पण इंटर्नला टेबलावर बोलायला मिळत नाही. नोटिसा, नोंदवह्या, आलेल्यांना योग्य पॅनलकडे पाठवणं, यातच बराच वेळ जातो. मध्यस्थी केंद्राचं दार तर गोपनीयतेमुळे बहुधा बंदच असतं. पक्षकारांची संमती असेल तरच आत बसता येतं. म्हणजे मध्यस्थीचा प्रत्यक्ष सराव हवा असेल, तर स्पर्धाच पुढे आहे. दुसरीकडे, बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप लागते. प्राधिकरणातले आठवडे त्यात धरले जातात, स्पर्धेची तयारी धरली जात नाही.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होण्याचा विचार जरूर करावा. वकिलीची सनद घेईपर्यंत विधी विद्यार्थ्यांना हे काम करता येतं. प्रशिक्षण मिळतं आणि बांधाचा, पाण्याचा, सामाईक भिंतीचा वाद कोर्टात जाण्याआधीच कानावर येतो. 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेमुळे आपल्याकडे गावातच तडजोड करण्याची कल्पना लोकांच्या ओळखीची आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यातही एखाद्या परिसरातल्या रहिवाशांच्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. या कामाला मराठी येणारी, गावातली नाती समजणारी माणसं लागतात.

व्यापारी वादांत वकिली करायची असेल तर मात्र माझा कल स्पर्धेकडे झुकतो. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीने व्यापारी दाव्यात, तातडीचा मनाईहुकूम वगैरे मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थी आणली आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीची असल्याचं स्पष्ट केलं. अशा बैठकीत अशिलाच्या शेजारी बसून काय बोलावं आणि कधी गप्प राहावं, हे स्पर्धेत चांगलं शिकता येतं.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची वाट वेगळी. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेल्या महिला-बालक विशेष कक्षासारख्या ठिकाणी समुपदेशन जवळून कळतं. मारहाणीच्या प्रकरणात समेटाआधी त्या बाईची सुरक्षितता बघायची असते, हेही तिथे पक्कं होतं. ऑनलाइन कोर्स या सगळ्याला जोड म्हणून ठीक आहेत, त्यासाठी आख्खी सुट्टी देऊ नका.

प्राधिकरणाकडे जायचं ठरलं, तर महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्राचं पत्र घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या सचिवांच्या कार्यालयात जा. आधी पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख विचारा आणि तिच्या आधीचे दोन-तीन आठवडे अर्जात मागा. दाखलपूर्व प्रकरणांच्या नोटिसा त्याच सुमारास निघतात आणि पक्षकार चौकशीला येऊ लागतात.