‘शील्डेड’ म्हणून विकलेली केबल आणि आतून रिकामा फिल्टर

घरी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन) बांधणाऱ्यांनी केबल घ्यायला बाहेर पडण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितोय. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून मी स्पिंडलसाठी, म्हणजे कापणारं बिट फिरवणाऱ्या मोटरसाठी, चार कोरची (आत चार वायरी असलेली) शील्डेड केबल घेतली. शील्ड म्हणजे नॉईज, अर्थात नको असलेले विजेचे झटके, अडवणारी वायरींभोवतीची धातूची जाळी. तिच्यात शील्ड नव्हतंच. त्यामुळे मशीनला जो त्रास सुरू झाला, त्यावर उपाय म्हणून त्याच दुकानदाराने मला ईएमआय फिल्टर, म्हणजे लाइनवरचा नॉईज गाळणारा डबा, विकला. तोही खोटा निघाला. त्या बाजारात सचोटीची दुकानं भरपूर आहेत, पुढे खरी केबल मला तिथेच मिळाली, त्यामुळे राग बाजारावर नाही.

मशीन प्लायवूड आणि एमडीएफ कापायचं. 2.2 किलोवॅटचा स्पिंडल, त्याचा वेग बदलणारा व्हीएफडी, ॲक्सिस हलवायला नेमा 23 स्टेपर मोटरी आणि अर्डुइनो युनो या छोट्या बोर्डावर मशीन चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर. स्पिंडल बंद असला की तिन्ही ॲक्सिस बिनबोभाट चालत. स्पिंडल सुरू करून वेग वाढवला की कुठलाही लिमिट स्विच (ॲक्सिस टोकाला पोचला की दाबला जाणारा) दाबला गेलेला नसताना स्क्रीनवर तो दाबला गेल्याचा ‘अलार्म 1’ यायचा. ॲक्सिस जागच्या जागी थांबायचे. स्पिंडल मात्र व्हीएफडीच्या बटणावर चालणारा, तो फिरतच राहायचा. बिट एकाच ठिकाणी घासत राहून प्लायवर काळा गोल डाग पडायचा आणि जळक्या लाकडाचा वास शेडभर पसरायचा.

मी दुकानदाराला फोन केला. तो ठामपणे म्हणाला, “साहेब, केबल एक नंबर आहे. तुमचा बोर्ड चायनाचा, त्याला नॉईज येणारच. लाइनवर फिल्टर टाका, सगळं थांबेल.” या बोलण्यात अर्धं खरं आहे, आणि फसवणूक तिथेच लपते. फिल्टर खरोखर वापरतात. स्वस्त बोर्डाला नॉईजचा त्रास खरोखर होतो. नॉईज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खोटा माल विकणाऱ्याला दोष ढकलायला बोर्ड, सॉफ्टवेअर, घरातलं अर्थिंग असं काहीही चालतं, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच काउंटरवर येतं.

व्हीएफडी 230 व्होल्ट एसीचा आधी साधारण 325 व्होल्ट डीसी करतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटरला देतो. प्रत्येक वेळी व्होल्टेज एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात चढतं किंवा उतरतं. मोटरची केबल उघडी असेल तर ती अँटेनाचं काम करते आणि शेजारून गेलेल्या लिमिट स्विचच्या वायरीत झटके उतरतात. युनोच्या चिपमधला पुल-अप, म्हणजे पिनचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर, 20 ते 50 किलोओहमचा, फारच लेचापेचा. असा झटका पिनवर आला की जीआरबीएलला स्विच दाबला गेल्यासारखं वाटतं. म्हणून व्हीएफडी ते स्पिंडल ही केबल दाट जाळीची लागते, आणि ती जाळी दोन्ही टोकांना अर्थला जोडावी लागते. सिग्नलच्या केबलचं शील्ड मात्र फक्त पॅनेलच्या बाजूला.

फिल्टर बसवूनही काही फरक पडला नाही. तेव्हा भोसरीत पॅनेल वायरिंग करणाऱ्या ओळखीच्या काकांना बोलावलं. त्यांनी मशीनकडे पाहिलंही नाही. केबल दोन्ही बाजूंनी सोडवली, शील्डच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मल्टिमीटर लावला. बीप नाही. मग पीव्हीसी उभी चिरली. आत चंदेरी रंगाची प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली, बाकी काही नाही. जाळी नाही, शील्ड अर्थला जोडायची उघडी तार (ड्रेन वायर) नाही. दुकानात मला दाखवलेला तुकडा दाट तांब्याच्या जाळीचा होता. माझं भेंडोळं आतल्या गोदामातून आलं होतं. काकांनी कोरमधली एक तार ब्लेडने खरवडली. लाल मुलामा गेला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. भाव तांब्याचा घेतला होता.

मग फिल्टरचा डबा. त्याच्यावर कॉइल आणि कपॅसिटरची आकृती छापलेली. काकांनी तो सोडवून फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये कपॅसिटन्स मोजला, जवळपास शून्य. खऱ्या फिल्टरमध्ये या दोन पिनांमध्ये एक्स कपॅसिटर असतो आणि तो मीटरवर दिसतोच. डबा कापला तेव्हा राळेखालून दोन सरळ वायरी निघाल्या, इकडून तिकडे गेलेल्या. ना कॉइल, ना कपॅसिटर.

खरी केबल घेताना काका सोबत आले. मीटरच्या मापाने कापून दिलेल्या तुकड्याची दोन्ही टोकं सोलायला लावली आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच जाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली आहे का ते मल्टिमीटरने तपासलं, तार खरवडली, जाळी बोटाने सरकवून ती किती दाट आहे ते पाहिलं. चांगल्या दुकानदाराला याचं वाईट वाटत नाही. त्याने स्वतःच ब्लेड काढून दिलं. नवी केबल जोडल्यावर लिमिट स्विचच्या वायरी पिळून घेतल्या, स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, दाबले की तुटणारे) केले, बोर्डाजवळ 5 व्होल्टला 1 किलोओहमचा पुल-अप आणि पिन ते ग्राउंड 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. स्पिंडलची केबल या वायरींपासून फूटभर दूर नेली, जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात. स्पिंडल 24000 आरपीएमला नेला. अलार्म आला नाही.

पहिल्या दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. त्याच्या साध्या कागदावरच्या बिलात फक्त ‘इलेक्ट्रिकल मटेरियल’ लिहिलं होतं आणि तो त्याच्यावरच बोट ठेवतो. तुम्ही जीएसटी बिल मागा आणि त्यात ‘तांब्याच्या जाळीची शील्डेड केबल, 4 कोर, 1.5 चौरस मिमी’ असं स्पष्ट लिहून घ्या. फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. धंद्यासाठी घेतलेला माल एरवी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर राहतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी मशीन बांधत असाल तर तुम्ही ग्राहकच ठरता. चिरलेली केबल आणि कापलेला डबा भंगारात देऊ नका, तक्रारीत पुरावा म्हणून तेच लागतात.