इंग्रजी फ्रेझल व्हर्ब स्पॅनिशमध्ये आणताना: एक क्रियापद, दोन की नुसतं 'से'?

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करताना फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'अप', 'आउट'सारखं शेपूट जोडलेलं क्रियापद, समोर आलं की तीन वाटा असतात: त्या अर्थाचं एकच क्रियापद घ्यायचं, दिशा आणि रीत (हालचाल कशी झाली ते) सुटी करून वाक्य नव्याने बांधायचं, किंवा 'से' या सर्वनामावर आणि सहायक रचनांवर काम भागवायचं. शब्दकोश बहुधा पहिलीच वाट दाखवतो, म्हणून नवखे भाषांतरकार तिलाच चिकटून राहतात. खरं तर 'अप', 'आउट', 'ऑफ' या शेपटाने वाक्यात काय केलंय, ते आधी पाहायला हवं.

शेपटाचा मूळ अर्थ पार विरून गेला असेल तर एक क्रियापदच उत्तम. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, त्यासाठी 'सोपोर्तार', 'आग्वान्तार', 'तोलेरार' तिन्ही आहेत. बोलण्यातला त्रागा हवा असेल तर मी 'आग्वान्तार' घेईन. इथे भाषेचा पोत सांभाळावा लागतो. 'पुट ऑफ', म्हणजे पुढे ढकलणं, यासाठीचं 'पोसपोनेर' लॅटिन वळणाचं असलं तरी रोजच्या बोलण्यात चालतं. पण 'पुट आउट द लाइट'ला 'एक्स्तिंगिर' लावलं तर वाक्य सरकारी वाटेल. तिथे 'आपागार'च हवं.

एका फ्रेझल व्हर्बला एकच जोडीदार असतो, हा समज मात्र महागात पडतो. 'फाइंड आउट'चंच बघा. चौकशी करून शोधून काढलं असेल तर 'आबेरिग्वार', आपसूक कानावर आलं असेल तर 'एन्तेरार्से'. इंग्रजी वाक्य हा फरक सांगत नाही, संदर्भातून तो आपणच ठरवायचा. 'गिव्ह अप'ही तसंच: सिगारेट सोडली तर 'देहार दे फुमार', हार मानली तर 'रेन्दिर्से'. शिवाय वाचक कुठला, हेही विचारा. 'पिक अप'साठी स्पेनमध्ये सर्रास चालणारं 'कोहेर' मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील ठरतं. तिथे 'रेकोहेर', 'लेवान्तार' किंवा 'आगार्रार' बरं.

हालचालीच्या वाक्यांत पहिली वाट सोडाच. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी 1985 मध्ये मांडलेला फरक इथे कामी येतो: इंग्रजी क्रियापदात रीत ठेवते आणि दिशा शेपटाला देते, स्पॅनिश दिशाच क्रियापदात घेते. म्हणून 'रॅन आउट' म्हणजे 'सालिओ कोरिएन्दो', अगदी आपल्या 'पळत बाहेर पडला'सारखं. दारापर्यंत धावणं 'कोरेर आस्ता ला पुएर्ता' असं सरळ जमतं. उंबरठा ओलांडून आत शिरायचं झालं की 'एन्त्रार' लागतंच.

खरी कसोटी लांब वाक्यात लागते. घरातून पळत निघून, रस्ता ओलांडून दुकानात शिरलेला माणूस इंग्रजीत एका 'रॅन'वर 'आउट', 'अक्रॉस', 'इंटू' असे तीन टप्पे पार करतो. स्पॅनिशला तीन क्रियापदं लागतात: 'सालिओ कोरिएन्दो दे ला कासा, क्रुसो ला काये इ एन्त्रो एन ला तिएन्दा'. 'कोरिएन्दो' पहिल्यांदाच आलं, तेवढं पुरे. तिन्ही ठिकाणी घातलं तर वाक्य दमून जातं.

तिसरी वाट शिकवताना हमखास राहून जाते, आणि मला तीच सर्वांत सुंदर वाटते. 'ईट अप' मधला 'अप' दिशा दाखवत नाही. काम फस्त झाल्याचं सांगतो. स्पॅनिशमध्ये ते इवलंसं 'से' करतं: 'कोमिओ' म्हणजे खाल्लं, 'से कोमिओ ला मान्साना' म्हणजे सफरचंद खाऊन टाकलं. मात्र खाल्लेली वस्तू नेमकी असावी लागते. नुसतं 'पान' म्हणजे पाव असेल तर 'से' बसत नाही, 'एल पान' हवं. 'कीप ऑन', म्हणजे करत राहणं, यासाठी 'सेगिर' आणि पुढे '-आन्दो' किंवा '-इएन्दो'चं रूप, एवढंच.

रीत गाळावी का, हा प्रश्न उरतो. सबटायटल लिहीत असाल तर बेलाशक गाळा, जागाच नसते. कथा-कादंबरीत ती रीत बातमी आहे का ते बघा. 'लिम्प्ड इन'मधलं लंगडणं वाचकाला कळायलाच हवं, म्हणून 'एन्त्रो कोहेआन्दो'. 'वॉक्ड इन'ला मात्र नुसतं 'एन्त्रो' लिहा. तिथे 'कामिनान्दो' जोडलं तर वाचकाला वाटेल की या माणसाला चालता येणं हेच नवल होतं.