छापलेला डाग

एका जुन्या मॅचबुकच्या नादात माझे ३६० डॉलर गेले. कुणी अशा वस्तू जमवत असेल तर त्याने हे जरूर वाचावं.

लहानपणी मी काडेपेटीचे छाप जमवायचो. न्यू जर्सीत आल्यावर ते वेड मॅचबुकांवर आलं. पुठ्ठ्याच्या घडीत वीस कागदी काड्या, वर जाहिरात. बारवाले ती फुकट वाटायचे. मला हवी होती बारमध्ये टीव्हीवर बेसबॉल दाखवत असल्याची जाहिरात असलेली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून मेजर लीगचा, म्हणजे सर्वात वरच्या व्यावसायिक बेसबॉलचा, सामना पहिल्यांदा टीव्हीवर दिसला आणि १९४७ मध्ये यांकीज आणि डॉजर्स या संघांची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत. तेव्हा घरोघरी टीव्ही कुठले? माणसं बारमध्ये गर्दी करून सामना बघायची. त्या गर्दीची आठवण हातात धरायला मिळावी, एवढीच माझी हौस.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडे १९४७ ची म्हणून तशी सहा दिसली. म्हणाला, "काकांचा ब्रुकलिनला बार होता, माळ्यावरच्या डब्यात सापडली." फोटो फक्त पुढच्या बाजूचे. मागची बाजू मागितली तर म्हणे, "आणखी दोघं विचारतायत, आज काय ते ठरवा." कमिशन वाचेल म्हणून त्याने मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायच्या पर्यायातून रक्कम मागितली. मी पाठवली. इथेच घात झाला, कारण त्या पर्यायात खरेदीला संरक्षण नसतं.

पाकीट उघडलं. मॅचबुक उलटं केलं तर काडी घासायची पट्टी मागे! १९४७ ची पट्टी पुढे असायची. ती सुरक्षेसाठी मागे गेली १९७० च्या दशकात. 'झाकण बंद करून मगच काडी ओढा' ही ओळ जुन्या मॅचबुकांवर असते ती त्या पुढच्या पट्टीमुळेच. मग पत्ता वाचला. ब्रुकलिनपुढे पाच आकडी झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिन कोड. झिप कोड आला १९६३ मध्ये. त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढे फक्त विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक लिहायचे.

तरीही मन मानेना. सहाही टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात चहाचा फिकट डाग होता, त्याने पुठ्ठा जुना वाटत होता. सहाही डाग हुबेहूब सारखे, एकाच जागी, कडेला तोच बारीक ओघळ. भिंग लावलं तर डागात रंगीत ठिपके. डाग छापलेला होता! काड्या धरून ठेवणाऱ्या पिनेला गंजाचा लवलेश नाही.

विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. त्या साइटवर तक्रार केली, त्याचं खातं बंद झालं, पैसे मात्र आले नाहीत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने तीच मॅचबुकं पुन्हा विक्रीला आली आहेत. पुढूनच काढलेला फोटो, डाव्या कोपऱ्यात तोच डाग, तोच ओघळ. बोली लावणाऱ्यांची नावं तिथे दिसत नाहीत, म्हणून इथे लिहितोय. तो डाग दिसला तर पैसे पाठवू नका.