आपत्तीनंतरची धोरणसंधी : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

मोठी आपत्ती ओसरल्यावर जोखीम कमी करणारी धोरणे खरोखर सुधारतात का, या एकाच प्रश्नाभोवती हा ऑनलाइन अभ्यासक्रम रचलेला आहे. त्यातील सर्वांत सरस भाग नेदरलँड्सचा. तेथे १९५३ च्या महापुरात १,८०० हून अधिक माणसे दगावल्यानंतर त्याच महिन्यात पूरसंरक्षणाचे उपाय सुचवण्यासाठी डेल्टा समिती नेमली गेली आणि ती झपाट्याने ठोस शिफारशी करू शकली, कारण समुद्राचे पाणी अडवणारे बंधारे अपुरे असल्याचे अभियंत्यांचे इशारे आणि पर्यायी आराखडे पुराच्या आधीपासूनच कागदावर होते. आपत्तीने दार उघडले, पण आत नेण्याजोगे काही आधीच तयार होते, हा मुद्दा येथे फार नेमकेपणाने मांडला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर हिंदी महासागरात उभ्या राहिलेल्या इशारा यंत्रणेवरील पाठही वाचनीय आहे.

माझा आक्षेप उदाहरणांच्या निवडीला आहे. जेथे सुधारणा झाली, तीच प्रकरणे विस्ताराने येतात. मदतवाटपाच्या आणि लवकर घरे उभारण्याच्या दबावाखाली त्याच धोक्याच्या जागी पुन्हा वस्ती वसते आणि नवे नियम अंमलबजावणीच्या निधीअभावी फायलींत राहतात, याला मात्र जेमतेम दोन परिच्छेद मिळतात. प्रश्नमंजूषा तर निव्वळ स्मरणशक्ती तपासते (सनावळ्या पाठ असल्या की पुरे!). तरीही धोरण आखणाऱ्यांनी किमान पहिला अर्धा भाग जरूर पाहावा. ज्यांना अपयशाची कारणमीमांसा हवी आहे, त्यांना अन्यत्र शोध घ्यावा लागेल.