चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी विश्वास ठेवला

काकांची मॅटाडोर गाडी गोव्यातल्या आमच्या डिचोली भागात पुष्कळांना आठवत असेल. उत्सवी नाटकांचे पडदे, पेटारे, दिवे भरून ती जत्रेजत्रेला जायची. काका गेले आणि गाडी माझ्याकडे आली. ती बनवणाऱ्या बजाज टेम्पो कंपनीचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं, आता सुटा भाग मिळवायचा तर चार ठिकाणी विचारावं लागतं. तरी ती विकावी असं मनात कधी आलं नाही. मागे पलंग बसवला, छोटा ओटा केला. राहिली होती पिण्याच्या पाण्याची टाकी. आईला पंढरपूरला न्यायचं होतं आणि तिला वाटेतलं पाणी सोसत नाही.

बार्देशातल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात काम दिलं. बोलणं स्पष्ट झालं होतं: 80 लिटरची टाकी, 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलची. पाणी हेलकावू नये म्हणून आत दोन आडपत्रे, वर हवेची नळी, तळाला रिकामी करायची तोटी. आणि टाकी गाडीच्या तळातून आरपार बोल्ट घालून, खालून जाड पट्टी देऊन आवळायची. 26,000 रुपये ठरले, त्यातले 15,000 आगाऊ. बिल मागितलं तर गाळेवाला म्हणाला, "पात्रांव, बिल केलं तर जीएसटी वर चढेल. कशाला?" मी गप्प बसलो. तिथे गप्प बसायला नको होतं.

टाकी घ्यायला गेलो तेव्हा त्याने खिशातून चुंबक काढून पत्र्याला लावलं. चिकटलं नाही. "बघा, अस्सल तीनशेचार!" टाकी चकचकीत दिसत होती. बाजूने प्लायवूडची सुबक पेटी करून तिने सगळं झाकलेलं होतं. मी उरलेले पैसे दिले.

जाताना टाकी काठोकाठ भरली होती, त्यामुळे घाटात काही जाणवलं नाही. पण बेळगावच्या पुढे ओट्यावरच्या नळाची धार बारीक होत होत थांबली. पंप घरघरत होता, पाणी नाही. टाकीचं झाकण सैल केलं तशी आत हवा शिरल्याचा सूं आवाज आला आणि धार पुन्हा सुरू झाली. हवेची नळी बसवलीच नव्हती. पाणी निघून गेलेल्या जागी हवा यायला वाटच नव्हती. पंढरपुरात तिसऱ्या दिवशी आईने चहाचा पेला खाली ठेवला. "अरे, पाण्याला लोखंडाचा वास येतोय." मी म्हटलं, नवी टाकी आहे, जाईल. ते वाक्य आजही मला खुपतं.

परतीला टाकी अर्धी होती. चोर्ला घाटात प्रत्येक वळणावर पाणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळायचं आणि गाडीची मागची बाजू ओढल्यासारखी व्हायची. घरी पोचल्यावर झाकणातून हात आणि मोबाइलचा टॉर्च घातला. आत एकही आडपत्रा नव्हता. वेल्डिंगच्या सगळ्या शिवणी आतून काळ्या, आणि त्यांच्या कडेने तपकिरी गंज उतरलेला. मग प्लायवूड काढलं. आरपार बोल्ट कुठले! इंचभर लांबीचे चार पत्र्याचे स्क्रू, तेही तळाच्या गंजलेल्या पत्र्यात. दोन तर बोटांनी निघाले. लिटरला एक किलो धरा, म्हणजे भरलेल्या टाकीत 80 किलो पाणी, आणि ते माझ्या आईच्या सीटच्या बरोबर मागे. जोरात ब्रेक लागला असता तर काय झालं असतं, हा विचार करताना मला अजून घाम फुटतो.

साखळी गावातल्या ओळखीच्या वेल्डरने टाकीच्या पत्र्यावर एका बाटलीतल्या, पत्रा तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकला आणि नऊ व्होल्टची बॅटरी लावली. थेंब लाल झाला. हा पत्रा 304 नव्हे, 202 जातीचा, तो म्हणाला. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये महागडं निकेल निम्म्याच्या आसपास आणून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून तो स्वस्त, आणि खाऱ्या हवेत लवकर गंजणारा. दोन्हींना चुंबक चिकटत नाही. म्हणजे त्या चुंबकाने एवढंच सिद्ध होतं की हे साधं लोखंड नाही. गाळेवाल्याला हे माहीत नसणं शक्यच नाही.

गाळ्यावर परत गेलो तेव्हा गाळेवाला म्हणाला, "गोव्याच्या हवेत सगळंच गंजतं." म्हणूनच तर मी 304 चे पैसे मोजले होते! नंतर फोन उचलणं बंद झालं. ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांच्या दोन नोंदी होत्या, आणि ज्यात त्याने स्वतः "80 लिटर 304" असं लिहिलं होतं तो व्हॉट्सॲपवरचा एक निरोप. तेवढ्यावर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि मी जाणार आहे.

तुम्ही अशी टाकी करून घेत असाल तर पत्रा कापायच्या आधी त्याच पत्र्याचा तुकडा तपासून घ्या, आणि वरची बाजू बंद करायच्या आधी आतले आडपत्रे स्वतः डोळ्यांनी बघा. गाडीच्या तळाखाली वाकून बोल्टच्या पट्ट्या दिसल्याशिवाय प्लायवूड लावू देऊ नका. थेंबाची बाटली आणि बॅटरी आता माझ्याकडे आहे. डिचोली, म्हापसा, साखळी, पेडणे, कुठेही काम चालू असेल तर तुकडा घेऊन या. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे नकोत.