उत्तरेची पट्टी आणि सावलीतली झाडं : दहा महिन्यांनंतर

आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहतो. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये उत्तरेला चार फुटांची पट्टी आहे. गेल्या नोव्हेंबरात तिथे आठवडाभर सकाळ-दुपार डोकावून बघितलं, उन्हाचा कवडसासुद्धा नाही. नर्सरीत जाऊन 'पूर्ण सावली' असं ठोकून सांगितलं आणि स्नेक प्लँट, झीझी, पीस लिली, सिंगोनियम, फर्न अशी भरती करून आलो. बायकोच्या हट्टापायी एक कॅलेथियाही आला.

थंडीत सगळं झकास. घोळ मेमध्ये कळला. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावली दिवस येतो, सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर. तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शाळेत शिकलो होतो, पण आपल्याच वाफ्यावर ते लागू होईल हे डोक्यात आलं नाही. दहा महिने गारव्यात असलेल्या पट्टीवर ऐन मेचं ऊन! पीस लिलीच्या पानांवर चार दिवसांत पांढुरके चट्टे पडले, हात लावला की पापडासारखे मोडायचे. घाईघाईने खिडकीच्या ग्रिलपासून भिंतीपर्यंत ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणली. जूनमध्ये ढग आले आणि सुटलो. कॅलेथिया मात्र त्याआधीच, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, कडांनी करपत करपत गेला. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याला बाहेर ठेवू नये असं माझं मत झालंय.

दुसरी चूक पाण्याची. पुढच्या अंगणातल्या कुंड्यांसारखं इथेही रोज पाणी घालत होतो. सावलीत माती वाळतच नाही. फेब्रुवारीत झीझीची एक काडी सहज ओढली तर हातात आली, बुडाला कुजका वास. त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, पाण्याचा साठा तो स्वतःच करतो. आता दोन पेरं बोट खुपसून बघतो, कोरडं लागलं तरच पाणी. स्नेक प्लँटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, त्याला काहीच होत नाही.

मनी प्लँटची पिवळी नक्षी सावलीत पुसट होऊन पानं नुसती हिरवी झाली. मोगराही लावून बघितला होता (आशा सुटत नाही). भरपूर पानं, कळी एकही नाही. पाच-सहा तास ऊन नसेल तर मोगऱ्याच्या नादी लागू नका.

खरी बाजी मारली ती नर्सरीबाहेरच्या दोघांनी. नळाशेजारी, जिथे कायम ओल असते, तिथे वडीचा अळू लावला आणि श्रावणात दोनदा अळूवड्या झाल्या. आणि सोनटक्का. मावशीने जानेवारीत दापोलीहून पिशवीत गुंडाळून कंद आणले होते. एप्रिलपर्यंत नुसते बसून होते, मला वाटलं गेले. पाऊस पडला तसे कमरेएवढे झाले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी कपडे काढायला गेलो तर वास आला, टॉर्च मारून पाहिलं तर दोन पांढरी फुलं, पाकळ्या अजून चुरगळलेल्या.

सध्या भांडण गोगलगायींशी आहे. पावसाळ्यात रात्री नऊनंतर त्या अळूवर चढतात. मीठ टाकलं तर माती बिघडते, म्हणून चिमट्याने उचलून डब्यात भरतो. काल एकवीस निघाल्या.