दुबई की जर्मनी: सीएनसी सेटरने पगार मोजायचा की तास?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चार-पाच वर्षं टर्निंग सेंटर नाहीतर व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी संगणकी (सीएनसी) मशीनं, चालवलेल्या पोरापुढे हल्ली दोन वाटा असतात. एक दुबई-शारजाची, जी आपल्याकडे जुनी आहे. दुसरी जर्मनीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तिची चर्चा आयटीआयच्या कट्ट्यावरही चालते. पासपोर्ट आणि व्हिसा म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. मी दोन्हींचा हिशेब मांडून जर्मनी धरली. तुमचा निर्णय वेगळा येऊ शकतो, आणि काहींचा तो वेगळाच यावा असं मलाही वाटतं.

आधी तास. अमिरातीत कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, म्हणजे आपल्या शॉपसारखंच. जर्मनीतही दिवसाला आठच. एखाद्या दिवशी दहापर्यंत चालतं, पण सहा महिन्यांची सरासरी आठवर यायला हवी. दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांती द्यावीच लागते. शनिवार बहुतेक ठिकाणी सुट्टीचा, त्यामुळे आठवडा प्रत्यक्षात ३८ ते ४० तासांचा होतो. मेटल युनियनचा करार असलेल्या पश्चिम जर्मनीतल्या कारखान्यांत तर १९९५ पासून ३५ तासच आहेत. मात्र आपल्या पोरांना पहिली नोकरी बहुधा करार नसलेल्या छोट्या जॉबवर्कवाल्याकडे मिळते. तेव्हा ४० धरून चला.

रजा आणि सण वजा करून वर्षाचा हिशेब केला तर दुबईत साधारण साडेतीनशे तास जास्त भरतात. म्हणजे आठ तासांच्या चाळीसहून अधिक पाळ्या.

आता पैसा, आणि माझा निर्णय जिथे झाला ती गोष्ट: बेसिक, म्हणजे भत्ते सोडून उरणारा मूळ पगार.

समजा ऑफर २,००० दिरहमची आहे आणि राहणं कंपनीचं. एजंट हा एकच आकडा सांगतो. ऑफर लेटरमध्ये मात्र त्याचे तुकडे असतात: बेसिक १,०००, जेवण ३००, इतर भत्ते ७००. दरमहा हातात २,०००च येतात, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी आणि नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे, हे सगळं बेसिकवर निघतं. १,००० ला ३० ने आणि मग ८ ने भागलं की तासाला ४.१७ दिरहम होतात. ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, त्यावर २५ टक्के जादा, म्हणजे ५.२१. पूर्ण पगार बेसिक असता तर हाच तास १०.४२ चा झाला असता. रात्री १० ते पहाटे ४ च्या ओटीला ५० टक्के जादा आहेत, पण तेही बेसिकवरच.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक मिळतं. १,००० वर वर्षाला ७०० आणि पाच वर्षांचे ३,५०० होतात. २,००० वर ते ७,००० झाले असते. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी उभी राहावी आणि वजन निम्मंच लागावं, तशी ही काटामारी आहे, फक्त ती पहिल्या दिवशी आपल्याच सहीने होते. आपल्याकडे ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असा कायदा आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्या सवयीचा माणूस तिथली पगाराची चिठ्ठी पाहून गोंधळतो, आणि तोवर सही होऊन गेलेली असते.

त्यात अजून एक. 'रोज दोन तास ओटी पक्की' असं सांगून पगार २,६०० पर्यंत फुगवला जातो. पण तिथल्याच कायद्यात ओटीसह तीन आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा आहे. ४८ त्रिक १४४. मूळ तासांतच ती भरते. मग रोजची ओटी कागदावर बसते कुठे? ती धरून सोसायटीचा हप्ता ठरवू नका.

दुबईची चांगली बाजू झाकत नाही. आयकर नाही. पगार सरकारी वेतन संरक्षण व्यवस्थेतून खात्यावर येतो, आणि ती २००९ पासून चालू आहे. भाषेची अट नाही. कागद जुळले तर दोन-तीन महिन्यांत माणूस मशीनवर उभा राहतो. ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, मागून घ्या. दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी, असा शिक्का) येतो आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याकडे बसूच नका.

जर्मनीतही धक्का बसतो, पण तो उघड असतो. १ जानेवारी २०२६ पासून तिथे किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. कुशल सेटरला १७ मिळाले असं धरू. महिन्याचे १७३ तास, म्हणजे सुमारे २,९४० युरो. विमा, पेन्शन, बेकारी विमा आणि कर कापून हातात साधारण २,००० उरतात. इथे एक चूक नेहमी होते. लग्न झालंय म्हणून कमी कर कापणाऱ्या तिसऱ्या कर-वर्गाचा आकडा दाखवला जातो, पण बायको कोल्हापुरात असेल तर सहसा पहिलाच वर्ग लागतो. हिशेब त्यावरच करा. खोली, जेवण, फोन आणि प्रवास गेला की काटकसरीने ९०० युरो मागे पडावेत. दुबईत राहणं फुकट धरून १,६०० दिरहम. एक युरो म्हणजे साधारण चार दिरहम, तेव्हा फरक दुपटीच्या वर जातो.

हा फरक फुकट मिळत नाही. भाषेला आणि कागदांना वर्ष-सव्वा वर्ष जातं. तेवढ्या काळात दुबईला गेलेला १९-२० हजार दिरहम बाजूला टाकतो. जर्मनीला गेलेला त्याला पुढच्या वर्षभरात गाठतो, असा माझा अंदाज आहे. भाषेची गाडी मध्येच अडली तर मात्र तो चुकेल.

ओटीचं गणितही तिथे वेगळं आहे. जादा तासांना जादा दर द्यावाच असा सरसकट कायदा नाही. ते तास बहुतेकदा तासांच्या खात्यात जमा होतात आणि पुढे रजा म्हणून मिळतात. पैसे पाठवायला गेलेल्या माणसाला हे नको असतं, म्हणून करार करतानाच विचारून घ्या. पण हजेरी चोख असते. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय कामगार न्यायालयाने वेळेची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. अमिरातीत प्रोबेशननंतर १५ दिवस पूर्ण, पुढचे ३० दिवस निम्मा, आणि त्यापुढे बिनपगारी. कंबर धरलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

म्हणून ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, सहा महिन्यांत घरी पैसा यायलाच हवा आणि भाषेच्या क्लासला रोज दोन तास बसणं शक्य नाही, त्याने दुबई घ्यावी. फक्त बेसिक किमान ६० टक्के करून मागावं. मिळतं, कारण कंपनीच्या महिन्याच्या खर्चात फरक पडत नाही. वय पंचविशीच्या आत, आयटीआय दोन वर्षांचा आणि घरचं ऊसबिल किंवा भावाचा पगार वर्षभर भार उचलू शकत असेल, तर माझं मत जर्मनीकडे.

त्या बाजूने निघालात तर दोन गोष्टी आधी करा. जर्मन भाषेच्या बी१ पातळीची परीक्षा पुण्याच्या माक्स म्युलर भवनात देता येते. ती चार भागांत असते आणि राहिलेला भागच पुन्हा देता येतो, म्हणून बोलण्याच्या भीतीपायी अख्खी परीक्षा लांबवू नका. दुसरं, अनुभवपत्र. आयटीआयला तिकडे बहुधा अंशतःच मान्यता मिळते, आणि उरलेली तूट कामाच्या अनुभवाने भरता येते. 'सदर इसम ऑपरेटर म्हणून कामास होता' या ओळीने काही भरत नाही. मशीन कोणतं, कंट्रोल फॅनुक की सीमेन्स, ड्रॉइंग वाचून सेटिंग स्वतः केलं का, किती मायक्रॉनचा टॉलरन्स धरला, बोअर गेजने तपासणी कोण करायचं, किती महिने, हे सगळं पत्रात हवं, आणि नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. शिरोलीतल्या मालकाला असं पत्र लिहायला वेळ नसतो. मसुदा आपणच तयार करून न्यावा, लेटरहेडवर छापून घ्यावा आणि नोकरी सोडण्याआधी सही-शिक्का घ्यावा.